घड्याळ, नकाशा, जमीन

पहिल्या दिवशी मी वर्गातल्या मुलांना डोळे मिटायला सांगते आणि म्हणते, आता उत्तरेकडे बोट करा. बारावीला फिजिक्समध्ये नव्वदीच्या वर मिळवलेली, उद्या विमान चालवायला निघालेली ही मंडळी मग जे काही हात करतात ते बघण्यासारखं असतं. एकाचं बोट पंख्याकडे, एकाचं दाराकडे, एखादा हळूच एक डोळा उघडून शेजारच्याचं बघतो. मरोळच्या माझ्या खोलीवरून दर थोड्या वेळाने खरं विमान घरघरत जातं, आणि खाली उद्याचे पायलट उत्तर शोधत असतात. मी हसत नाही. निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

मी सुलक्षणा परब, राहणार भांडुप. एका विमान कंपनीत आयुष्यभर फ्लाइट डिस्पॅचर होते. म्हणजे विमान कुठल्या वाटेने जाईल, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन, वाटेत वारा कसा भेटेल, हे सगळं जमिनीवर खुर्चीत बसून ठरवणारी बाई. पायलट टोपी घालून रुबाबात चालत जायचा, पण त्याच्या हातातला कागद माझा असायचा. निवृत्त झाल्यावर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा बरं म्हणून मरोळला ही खोली घेतली आणि पायलट होऊ घातलेल्या पोरांना नेव्हिगेशन शिकवायला लागले. स्वभाव तापट आहे. तो घरच्यांनी चाळीस वर्षं सहन केला, आता फी भरून ही पोरं करतात.

प्रांजल राणे माझ्याकडे आली ती जानेवारीत, वर्ग अर्धा होऊन गेल्यावर. मुलुंडची मुलगी. खानदेशातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकत होती आणि तिथून तिला घरी पाठवलं होतं. पहिल्यांदाच एकटीने लांबच्या फेरीला निघालेली असताना ती वाट चुकली. विमान आणि मुलगी दोन्ही सुखरूप परत आली, पण तिथल्या मुख्य इन्स्ट्रक्टरांनी सांगितलं की महिनाभर घरी जा, नेव्हिगेशन पक्कं करून ये, मग मी स्वतः शेजारी बसून एकदा बघेन. जमलं तर पुढे शिकवतो, नाहीतर विमानाचा नाद सोड.

"चुकलीस म्हणजे नेमकं काय केलंस?" मी विचारलं.

"मॅडम, खाली रूळ दिसले."

"मग?"

"मग मी रुळांबरोबर गेले."

"का?"

"मला उत्तरेला जायचं होतं ना. रूळ उत्तरेला जातात."

"कुठले रूळ?"

"सगळेच," ती म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते कसं वाटतंय हे कळलं. कानापर्यंत लाल झाली.

मागच्या बाकावरून फ्रेडी डिमेलो फिस्सकन हसला. हा फ्रेडी मरोळ गावठाणातला, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती घरातला पोरगा, माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर राहणारा, आणि तरीही रोज सगळ्यात उशिरा येणारा. मी त्याला म्हटलं, "फ्रेडी, तू हसू नको. तू गेल्या आठवड्यात नागपूर समुद्रात नेऊन ठेवलं होतंस."

पण प्रांजलचं मला हसू आलं नाही, कारण मला ते पटकन कळलं. मी भांडुपची. आमच्याकडे मूल चालायला लागलं की त्याच्या डोक्यात रूळ बसतात. रुळांच्या अलीकडे घर, पलीकडे शाळा. एका टोकाला ठाणं, दुसऱ्या टोकाला व्हीटी. सूर्य कुठून उगवतो याच्याशी आमचं देणंघेणं नसतं, कारण तो कुठूनही उगवला तरी मार्केट वेस्टलाच असतं. त्यात गंमत अशी की घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत रूळ नीट उत्तरेला जातच नाहीत, चांगलेच पूर्वेकडे झुकलेले आहेत. मी नकाशावर प्लॉटर, म्हणजे कोन मोजायची पट्टी, लावून तिला दाखवलं. अठ्ठावीस अंश. बोरिवलीच्या पोरांचं बरं असतं, त्यांचे रूळ जवळजवळ सरळ उत्तरेला. ती पोरं आंधळेपणाने चुकली तरी थोडक्यात चुकतात. आणि खानदेशात प्रांजलला जे रूळ दिसले ते तर जळगावहून सुरतेकडे निघालेले होते, म्हणजे पार पश्चिमेला. ही त्यांच्यावर भरवसा ठेवून सुरतेच्या दिशेने निघाली. समोर कंपास ओरडून सांगत होता की बाई, तू पश्चिमेला चालली आहेस. हिला वाटलं कंपास अडकला. विमानात दिशा दाखवणारी दोन यंत्रं असतात. ती दोन्ही एकदम बिघडली आणि रेल्वे तेवढी बरोबर, असं हिने ठरवून टाकलं.

"रेल्वे कशी चुकेल असं वाटलं, मॅडम," ती म्हणाली.

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण पुढच्या आठवड्यात मला कळलं की हिचा आजार रुळांचा नाहीच.

गणितात मुलगी तरबेज होती. वाऱ्याचा त्रिकोण, म्हणजे वारा धरून विमानाचं तोंड कुठे ठेवायचं ते, काढायला दिला की बाकीचे पेन्सिल चघळत बसायचे, हिचं उत्तर तयार. अंतर मोजायचं तर डिव्हायडर नकाशाच्या बाजूच्या अक्षांशाच्या पट्टीलाच लावायची, खालच्या रेखांशाच्या पट्टीला कधी नाही; ही चूक पहिल्या महिन्यात सगळे करतात, हिने एकदाही केली नाही. पण मी तिच्या वहीवर वाकून नुसतं "हं?" म्हटलं की हिचा हात खोडरबरकडे जायचा. बरोबर आलेलं उत्तर खोडायची आणि माझ्या तोंडाकडे बघत दुसरं काहीतरी लिहायची. एकदा मी मुद्दाम खोकले, तरी खोडलं. घरात तीन काका, दोन आत्या आणि सगळ्यात धाकटी ही. मोठ्यांपुढे उलट बोलायचं नाही या शिस्तीत वाढलेली. चांगलीच शिस्त आहे, मीही त्यातच वाढले. पण विमानात ती शिस्त सोबत घेऊन बसलं की रूळसुद्धा काका वाटायला लागतात.

आणि तिचे ते मुख्य इन्स्ट्रक्टर शेजारी बसणार होते. अशी माणसं चाचणीत गप्प बसत नाहीत. खाली बोट दाखवून म्हणतात, ते बघ अमुक गाव, वळव इकडे. गाव भलतंच असतं. बहुतेक वेळा ते मुद्दाम करतात. हिने तिथे खोडरबर काढलं की संपलं.

मी वर्गात एक नियम घोकून घेते: घड्याळ, नकाशा, जमीन. याच क्रमाने. आधी घड्याळ बघायचं, की मागच्या खुणेपासून किती वेळ झाला, म्हणजे आपण आता कुठे असायला हवं. मग नकाशा बघायचा, की तिथे काय दिसायला हवं. आणि मग खिडकीतून खाली बघायचं, की ते दिसतंय का. क्रम उलटा केला की खेळ खल्लास. आधी खाली बघितलं, तळं दिसलं, की माणूस नकाशावर तळं शोधतो, आणि त्याला ते सापडतंच. महाराष्ट्रात तळ्यांना काय तोटा. मग तो खूश होऊन चुकीच्या तळ्यावरून वळतो. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगत असेन.

तर रविवारी सकाळी मी प्रांजलला आणि फ्रेडीला घेऊन आरे कॉलनीत गेले. ही माझी पद्धत आहे, दरवर्षीची. विमान परवडत नाही, पाय फुकट आहेत. एका तबेल्याच्या युनिटापासून निघायचं आणि माळावरून, पायवाटांवरून, फक्त कंपास आणि घड्याळ घेऊन, दुसऱ्या युनिटाजवळच्या उंच पाण्याच्या टाकीपाशी पोचायचं. नकाशा मी स्वतः काढलेला, मापात, प्लॉटरने. त्यावर टेकाडं आहेत, ओढा आहे, टाकी आहे. रस्ते मुद्दाम काढलेले नाहीत, कारण रस्ता दिसला की माणूस डोकं बाजूला ठेवतो. सगळ्यांचे मोबाइल बिस्किटाच्या डब्यात, डबा फ्रेडीच्या पाठीवरच्या पिशवीत. माझाही मोबाइल डब्यात, नियम म्हणजे नियम.

आणि फ्रेडी हा वारा.

"म्हणजे काय करायचं, मॅडम?" त्याने विचारलं.

"ती शंभर पावलं चालली की तू तिला उजवीकडून ढकलत दहा पावलं डावीकडे न्यायचं. ती विरोध करणार नाही. विमान वाऱ्याला विरोध करत नाही."

"झकास," फ्रेडी म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी जमेल असं काम दिलंत."

मुंबईची थंडी होती, म्हणजे आठ वाजता स्वेटर घालावासा वाटतो आणि नऊला काढून कमरेला बांधावा लागतो. तबेल्याचा वास, सुकलेलं गवत, बिबट्यापासून सावध राहा असा एक गंजका बोर्ड. प्रांजलने बोर्डाखालच्या दगडावर बसून गणित केलं. टाकी सत्तर अंशांवर. शंभरात दहा म्हणजे साठात सहा, आणि साठ पावलांत एक पाऊल सरकलं की एक अंश, या ढोबळ हिशेबाने सहा अंश वाहून जाणं. वारा उजवीकडून, म्हणून सहा अंश उजवीकडे तोंड ठेवायचं. शहात्तर. एकदम बरोबर.

"हं?" मी म्हटलं.

तिचा हात गेलाच खोडरबरकडे. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि माझ्या पर्समध्ये टाकलं. "शहात्तर लिहिलंस ना? मग शहात्तर. चल."

आम्ही निघालो. प्रांजल पुढे, कंपास छातीशी धरून, ओठ हलवत पावलं मोजत. तिच्या उजव्या हाताला फ्रेडी, तोंडाने वाऱ्याचे आवाज काढत. शंभर झाली की तो तिच्या दंडाला धरून तिला डावीकडे सरकवायचा, एकदा तर सरळ करवंदीच्या जाळीत घातली. "वादळ होतं," म्हणाला. गवत कापून डोक्यावर भारा घेतलेल्या दोन बायका वाटेत उभ्या राहून बघत राहिल्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "शिकलेली दिसतात." मी मागून चालत होते आणि खरं सांगायचं तर मजेत होते.

अर्ध्या वाटेवर, एक टेकाड चढून गेल्यावर, डाव्या हाताला झाडांच्या वर टाकी दिसली. उंच खांबांवरची, गोल, पांढरी.

"ती बघ," मी म्हटलं. "वळ डावीकडे."

प्रांजल थांबली. तिने टाकीकडे बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं. मग नकाशाकडे. मग म्हणाली, "मॅडम, ती आपली टाकी नाही."

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी तिची परीक्षा घेत नव्हते. ती आमची टाकी आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आरे म्हणजे माझं परसदार. लहानपणी शाळेची सहल इथे, लग्नानंतर मुलांना घेऊन इथे, आणि आता इतकी वर्षं हा खेळ इथे. मला टाकी दिसली होती आणि टाकी नकाशावर होती. अजून काय हवं?

"नाही म्हणजे?" मी विचारलं.

"वेळ झाली नाही अजून. आपण निम्मेच आलोय."

"तू पावलं कमी मोजली असशील. फ्रेडीने ढकलताना गोंधळ झाला असेल. टाकी समोर दिसतेय ना, प्रांजल?"

"दिसतेय. पण..."

"आणि नकाशावर टाकी आहे ना?"

"आहे."

"मग? मी इथे तू जन्मायच्या आधीपासून येतेय. आता मला शिकवणार तू?" माझा आवाज चढला होता. तो चढतो, मला खाली आणता येत नाही.

तिची मान खाली गेली, उजवा हात नकळत खिशात खोडरबर शोधायला गेला, आणि ते तिथे नव्हतं. मला वाटलं, आता वळेल. फ्रेडीसुद्धा वारा व्हायचं विसरून आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

"मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "हा नकाशा तुम्ही काढलाय. मापात काढलाय. तो म्हणतोय टाकी अजून तेवढीच पुढे आहे. मला तो खरा वाटतो. तुम्हाला टाकीकडे जायचं असेल तर जा, मी शहात्तरवर जाते."

असं कोणी माझ्याशी बोललं त्याला जमाना झाला होता. माझा नवराही बोलला नसता, त्याला जेवायचं असायचं. मी म्हटलं, "जा. भटक जा. फ्रेडी, तू चल माझ्याबरोबर."

फ्रेडीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "मॅडम, सॉरी हां," तो म्हणाला. "पण वारा विमानाबरोबर जातो ना." आणि निघाला तिच्यामागून.

मी डावीकडे वळले. रागात माणूस भराभर चालतो, मी पटकन पोचले. टाकीखाली एक तबेला होता आणि एक भय्या पाइपने म्हशी धूत होता. आमच्या युनिटाजवळ चिंचेची दोन मोठी झाडं आहेत. इथे चिंच नव्हती. आमच्या टाकीला लोखंडी शिडी आहे. हिला शिडी नव्हती.

"ही टाकी कधीची?" मी विचारलं.

"नई है, मॅडम. पिछले साल बनी."

मी तिथे उभी राहिले. पायावर पाइपचं पाणी आलं तरी हलले नाही. आधी खाली बघितलं, टाकी दिसली, मग नकाशावर टाकी शोधली, आणि ती सापडली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे मी रोज दुसऱ्यांना लावते, त्या दिवशी मला तंतोतंत बसलं.

पण पडले तरी नाक वर. भय्याला वाट विचारणं मला कमीपणाचं वाटलं. मोबाइल डब्यात, डबा फ्रेडीच्या पाठीवर, नकाशा प्रांजलकडे. मी अंदाजाने निघाले, दोनदा टेकाड चढले-उतरले, झाडीच्या कडेने चालत राहिले, आता चिंचा दिसतील, आता दिसतील म्हणत, आणि बऱ्याच वेळाने एका तबेल्यापाशी पोचले. तोच भय्या. त्याच म्हशी.

"फिर आ गये, मॅडम?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, हेच जास्त लागलं.

"रास्ता भूल गई," मी म्हटलं. हे तीन शब्द तोंडातून काढायला मला जेवढे कष्ट पडले तेवढे दोन्ही बाळंतपणांत पडले नसतील. पण एकदा बोलल्यावर सगळं सोपं झालं. त्याने बस कुठे मिळते ते दाखवलं, प्यायला पाणी दिलं, आणि मी बेस्टच्या बसने दोन स्टॉप जाऊन माझ्याच टाकीपाशी उतरले.

दोघं चिंचेखाली बसली होती. फ्रेडीच्या आईने, सेराफिनाने, डबा भरून फुगे दिले होते, त्यांचे ते गोल तळलेले पाव, आणि दोघं ते चटणीशी खात होती. टाकी त्यांच्या डोक्यावर, शिडीसकट. मला बघताच प्रांजल ताडकन उठली. फुगा हातातच राहिला. तिचा चेहरा असा झाला होता की जणू टाकी तिने चोरून इथे आणून ठेवली आहे.

"मॅडम, सॉरी," ती म्हणाली. "मी तसं बोलायला नको होतं."

"किती चुकलीस?" मी विचारलं.

"थोडीशी डावीकडे आले होते. त्या चिंचेपाशी निघालो."

म्हणजे काहीच चुकली नव्हती. मी दगडावर बसले. पाय दुखत होते, चपलेत चिखल होता, आणि बसमधून उतरताना दोघांनी मला बघितलं होतं. फ्रेडीने एकदा माझ्या चपलांकडे पाहिलं आणि मग त्या पोराने जे केलं त्याबद्दल मी त्याला कायम माफ केलंय, उशिरा येणं आणि नागपूर धरून.

"आयला, प्रांजल, तुला कळलं नाही का अजून?" तो म्हणाला. "मॅडमने टेस्ट घेतली तुझी. मुद्दाम चुकीची टाकी दाखवली. हो ना, मॅडम?"

आणि त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मॅडम, दार उघडून दिलंय, निघून जा. प्रांजलच्या चेहऱ्यावरचा ताण लगेच सैल झाला. टेस्ट होती तर. म्हणजे मॅडम चुकल्या नव्हत्या. म्हणजे जग जागेवर होतं. तिला ते इतकं हवं होतं, की माझं 'हो' यायच्या आधीच ती हसायला लागली होती.

मला 'हो' म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. एवढ्याशा शब्दाने माझी इतक्या वर्षांची इभ्रत चिंचेखाली जशीच्या तशी राहिली असती. पण मग मी तिचं ते हसू बघितलं. ही पोरगी आज आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसापुढे उभी राहिली होती, आणि आता तिला कळणार होतं की मोठी माणसं चुकत नाहीतच, ती फक्त परीक्षा घेतात. मग पुढच्या वेळी कोणी गाव दाखवलं, की ही मनात म्हणणार, हे परीक्षा घेतायत की खरं सांगतायत? आणि त्या विचारात पडली की गेली.

"नाही रे," मी म्हटलं. "टेस्ट कसली. मी चुकले."

फ्रेडीने फुगा खाली ठेवला.

"मला टाकी दिसली आणि मी नकाशा तिला चिकटवला. ती टाकी गेल्या वर्षी बांधलीय. तिथे गेल्यावर मी परत येताना पुन्हा चुकले आणि पुन्हा तिथेच गेले. शेवटी म्हशी धुणाऱ्या माणसाला विचारून बसने आले." मी सगळं सांगितलं, म्हशींसकट. "तू बरोबर होतीस, प्रांजल. आणि मी तुझ्यावर ओरडले ते चूक होतं. ओरडल्याने टाकी हलत नाही."

वर एक विमान उतरायला म्हणून चाललं होतं. मला लाज वाटत होती, ती लपवण्यात अर्थ नव्हता. प्रांजल माझ्याकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच तिची नजर माझ्या चेहऱ्यावर काही शोधत नव्हती.

मग तिने डबा माझ्यापुढे केला. "फुगे खा, मॅडम. दोन वेळा टेकडी चढलात तुम्ही."

"तीन वेळा," मी म्हटलं, आणि फ्रेडी इतका हसला की त्याला ठसका लागला.

फेब्रुवारीत ती खानदेशात परत गेली. तिच्या चाचणीच्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं ते मुलांनाच विचारा, मला आठवत नाही. फोन टेबलावर उताणा ठेवला होता, आणि तो वाजला की मी खडू टाकून धावत होते. दोनदा गॅसवाल्याचा निघाला. तिसऱ्यांदा तिचा.

"मॅडम, झालं," ती म्हणाली.

"झालं म्हणजे कसं झालं? नीट सांग गो बाय."

"पास. वर गेलो, सर शेजारी. अर्ध्या वाटेत ते खाली बघून म्हणाले, ते बघ पारोळा गाव, आता डावीकडे वळ. मी घड्याळ बघितलं. पारोळा यायला अजून बराच वेळ होता. मी म्हटलं, नो सर, ते पारोळा नाही."

"मग?"

"मग त्यांनी जरा मोठ्याने विचारलं, आर यू शुअर? मी म्हटलं, हो सर. आणि वळले नाही."

"आणि?"

"आणि काय, थोड्या वेळाने पारोळा आलं. सर खिडकीबाहेर बघत बसले. उतरल्यावर म्हणाले, उद्यापासून पुन्हा एकटी जा."

माझे डोळे भरून आले, आणि वर्गातली पोरं बघत होती म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. एक गोष्ट विचारल्याशिवाय मला राहवेना. मी विचारलं, "पण ते मुद्दाम म्हणाले होते की खरंच चुकले होते?"

पलीकडे ती क्षणभर थांबली, उत्तर शोधायला नाही, प्रश्न कशाला विचारला ते कळेना म्हणून.

"ते मी विचारलंच नाही, मॅडम," ती म्हणाली. "पारोळा जिथे होतं तिथेच होतं ना. चला, ठेवते, उद्याचा नकाशा काढायचाय."

मला अजून दोन-तीन सूचना द्यायच्या होत्या, पण तिने फोन ठेवला होता.